बाबांच्या शर्टांचं दुपटं

वहिनीनं सुईउशी पालथी केली, झटकली, उजेडात धरली. लांबडी नव्हतीच.

घरात सगळे तिला वहिनीच म्हणत, आणि वहिनीच्या सुया म्हणजे तिच्या घरच्याच बाया. बुटकी बटणं लावायची, वाकडी अस्तराच्या कडेकडेनं चालायची, म्हातारीचं नेढं झिजलं होतं तरी तिला कोणी घराबाहेर काढलं नव्हतं. लांबडी मात्र कामाची. जाड थर एका दमात पार करणारी. सकाळच्या स्वच्छ उजेडात वहिनी सगळ्यांना एकदमच दोरे ओवायची आणि हातातल्या कामाच्या काठाला ओळीनं टोचून ठेवायची. दुपारी डोळे थकले की नेढं शोधत बसायला नको. काम संपलं की एकेकीला काढून उशीत. काढताना स्वतःच जुळवलेलं काहीतरी गुणगुणायची:

सुई गं सुई, माझ्या बोटाची तू सई,
फिरून रानोमाळ, सांजेला घरी येई.

आज ती नवऱ्याच्या विटक्या पँटच्या पायाची पिशवी करायला बसली होती. लांबडीसाठी हात पुढे केला आणि तो तिथंच अडला. लांबडी शेवटची कुठल्या कामावर होती?

दुपट्याच्या.



सासरे गेल्यावर त्यांचे शर्ट कपाटात तसेच लटकत होते. कोणाला देववत नव्हते, कोणाला बघवत नव्हते. नणंदेला दिवस गेले तेव्हा वहिनीनं ते खाली उतरवले. एक चौकड्यांचा, एक निळ्या रेघांचा, एक कॉलरीला विरलेला. कापून ठिगळाला ठिगळ जोडलं, आत जुन्या मऊ चादरी घातल्या, आणि एका कोपऱ्यात शर्टाचा खिसा जसाच्या तसा ठेवला. एरवी नणंद तिची टर उडवायची. "वहिनीच्या हाती लागलं तर पायपुसणंसुद्धा नटून लग्नाला जाईल!" पण दुपटं उलगडलं तेव्हा ती टर उडवायची विसरली. खिशात नाक खुपसून बसली. मग म्हणाली, "वहिनी, माझं लेकरू आता बाबांच्या मांडीवरच झोपणार."

आणि ते नेऊन द्यायच्या सकाळी घाई झाली होती. बाळ-बाळंतीण ठरल्याच्या आधीच दवाखान्यातून घरी आल्याचा निरोप आला. शेवटचा दोरा दातानं तोडला, घडी घातली, पिशवीत कोंबली. सुया काढल्या होत्या. लांबडी काढली होती? काढली असेल. काढली का?

तिनं नणंदेला फोन लावला. वाजून वाजून बंद पडला. बाळ झोपलं की ती फोनचा आवाज बंद करून ठेवायची. मग नवऱ्याला लावला.

"अगं, घरातच असेल," तो कामाच्या गडबडीतून म्हणाला. "तुझी सुई आणि माझा चष्मा. सगळीकडे शोधायचं आणि निघतात आपल्याच अंगावर."

"अंगावर? बाळाच्या अंगाखाली असेल तर?"

हसणारा माणूस गप्प झाला की भीती खरी होते. "निघ तू," एवढंच म्हणाला.

निघताना तिनं लोहचुंबक तेवढं मुठीत घेतलं. मोडक्या स्पीकरमधून नवऱ्यानं काढून दिलेलं, सांडलेल्या टाचण्या गोळा करायला. बस भरलेली होती. दर थांब्यावर कोणीतरी सावकाश उतरायचं, कोणीतरी सावकाश चढायचं, आणि वहिनीचा जीव टांगणीला. डोक्यात तेच गाणं घरघरत होतं. बोटाची तू सई. इतके दिवस गोड वाटलेली ओळ आता दात दाखवत होती. सुईला कुठली आलीय सई? तिला टोक तेवढं माहीत. वहिनीनं गाणं थांबवायचा प्रयत्न केला तर डोळ्यांपुढं एवढीशी पाठ आली, लोण्यासारखी.

नणंदेनं ओठांवर बोट ठेवूनच दार उघडलं. विस्कटलेले केस, ढगळ गाऊन, डोळ्यांत झोप.

"वहिनी? आत्ता? फोन तरी करायचास."

"केला होता ताई. बाळ कसंय?"

"आत्ताच डोळा लागलाय. सकाळपासून नुसती किरकिर. काय टोचतंय कोण जाणे."

वहिनी तिच्या बाजूनं आत शिरली.

"पोटात वारा धरला असेल," नणंदच पुढं म्हणाली. "बस तू, पाणी आणते. केवढा दम लागलाय तुला!"

सांगावं का? आधी बघू, मग सांगू. नसलीच तिथं तर उगाच कशाला बाळंतिणीच्या जिवाला घोर, असं तिनं स्वतःला समजावलं. त्याच्या खाली दुसरं एक होतं, ते तिनं हलू दिलं नाही: खिशात नाक खुपसून बसलेली नणंद तिला गमवायची नव्हती.

बाळ पलंगावर दुपट्यावरच होतं, मुठी आवळून, उताणं. वहिनीनं श्वास धरला आणि चुंबक दुपट्याच्या काठाकाठानं फिरवलं. चौकड्या. निळ्या रेघा. पुन्हा चौकड्या. खिशाशी येताच हाताला हिसका बसला. आतून काहीतरी चुंबकाला येऊन बिलगलं. नखानं शिवण फाकवून तिनं ते ओढून काढलं. निळा दोरा आला, मागोमाग नेढं.

सुटले गं बाई! मूठ मिटली. कोणी पाहिलं नव्हतं.

मग मूठ उघडली. लांबडी अर्धीच होती. टोक नव्हतं.

बाळाला एका हातानं अलगद कलतं करून तिनं चुंबक दुपट्यावर सगळीकडे फिरवलं, वरून, खालून, घड्यांतून. काही नाही. मागून नणंदेचा आवाज आला.

"काय करतेस गं?"

"ताई... दुपटं धुतलं होतं?"

"काल. मशीनमध्ये. बाळाच्या कपड्यांबरोबर, माझ्या गाऊनबरोबर. का?"

मशीनमध्ये पिळताना मोडली, आणि टोक आता कुठल्याही कपड्यात. मुठीतलं अर्धं लपवणं सोपं होतं. अजूनही सोपं होतं. वहिनीनं हात पुढं करून मूठ उघडली.

"माझी सुई आत राहिली होती. ही अर्धी. उरलेली त्या धुण्यात असणार. बाळाला उचला, ताई. आधी उचला."

पाण्याचा पेला कुठं ठेवला ते नणंदेला कळलं नाही. तिनं बाळाला उचललं, झबलं काढलं, लंगोट सोडला. झोपेतून उपटलेल्या बाळानं टाहो फोडला. वहिनीनं पाठ पाहिली, काखा पाहिल्या, मानेच्या वळ्या, मांड्यांच्या वळ्या. ओरखडा नव्हता. नणंदेनं कपाटातलं सगळं धुणं जमिनीवर उपडं केलं आणि उघड्या बाळाला खांद्याशी घट्ट धरून उभी राहिली.

"शोध! तुझी ही काटकसर! विकत आणलं असतं तर काय मेलं असतं कोणी?"

तोंडातून गेलेला शब्द तिच्याच कानावर आला आणि ती पांढरी पडली.

वहिनी उत्तराला थांबली नाही. गुडघ्यांवर बसून झबली, टोपडी, लंगोट एकेक चुंबकाखालून नेत राहिली. ढीग संपला. काही निघालं नाही. तिनं वर पाहिलं.

बाळ हुंदके देत आईच्या खांद्यावर गाल घासत होतं, आणि आई त्याला थोपटत आणखी जवळ दाबत होती.

"ताई," वहिनीचा आवाज तिलाच ओळखू आला नाही, "हा गाऊनही त्याच धुण्यातला?"

नणंदेचं थोपटणं थांबलं.

"हलू नका. अजिबात हलू नका."

तिनं डावा तळहात बाळाचा गाल आणि कापड यांच्या मधे सरकवला. गाल गरम होता, ओला होता. उजव्या हातातलं चुंबक पाठीच्या बाजूनं खांद्यावर आणलं. शिवणीपाशी गाऊनचं कापड किंचित उचललं गेलं, जणू आतून कोणी टकटक केली. आणि त्याच क्षणी तिच्या डाव्या तळव्याला काहीतरी बारीक चावलं.

टोक तिथंच होतं. मधे हात नसता तर गालाला लागलं असतं.

तिनं ते ओढून काढलं, नेढ्याच्या तुकड्याशेजारी ठेवलं. मोडीला मोड बसली. लांबडी पुरी झाली.

नणंद बाळाला घट्ट धरूनच खाली बसली. म्हणाली, "उसव ते."

वहिनीनं कात्री मागितली. दोघी समोरासमोर बसल्या, मधे दुपटं. टाका टाका कापत गेली तशी चौकडी सुटली, निळी रेघ सुटली, आतली चादर निराळी झाली. प्रत्येक तुकडा चुंबकाखालून गेला आणि नणंद डोळ्यांत तेल घालून बघत राहिली. कशातच काही नव्हतं. तरी दोघींना खात्री वाटेना. बाबा जमिनीवर तुकड्या-तुकड्यांनी पसरले होते. फक्त खिसा राहिला, तो उसवायला वहिनीनं कात्री टेकवली.

"तो राहू दे," नणंद म्हणाली. मग लगेच, "नाही. तोही काढ."

तोही निघाला.

बाळ पुन्हा पेंगलं होतं. नणंदेचे हात भरून आले होते, पण पलंगाकडं बघूनही तिला धीर होईना. कुठं ठेवणार?

"द्या माझ्याकडे थोडा वेळ," वहिनी म्हणाली, आणि म्हटल्यावर तिला स्वतःच्याच बोलण्याची भीती वाटली.

नणंदेनं जमिनीवरचं चुंबक उचललं. वहिनीच्या एका खांद्यावरून फिरवलं, दुसऱ्या खांद्यावरून फिरवलं, बाह्यांवरून, छातीवरून, दोन्ही तळव्यांवरून. वहिनी हात पसरून मुकाट उभी राहिली.

मग तिनं बाळ दिलं.