मागणी नसलेला थांबा

मी बसथांबा बोलतोय. दचकू नका. आजवर माझ्यापाशी लोक जे काही बोलले ते बहुतेक "च्यायला, अजून आली नाही" एवढंच. तेही माझ्याशी नाही, रस्त्याशी. म्हटलं, आता आपणही जरा तोंड उघडावं.

माझा जन्म एका वेल्डरच्या शेडमध्ये झाला. त्यानं मला चार लोखंडी पाय दिले, निळ्या पत्र्याचं छप्पर दिलं आणि एक बाक. वेल्डर होता सहा फुटी. त्यानं स्वतःच्या मापानं बाक बनवला, म्हणून माझ्यावर बसलेल्या निम्म्या लोकांचे पाय लोंबकळतात. शेवटचा हात मारताना रंगाऱ्यानं विचारलं, "कुठल्या मार्गावरचा हा?"

"थांबा सांगितलाय," वेल्डर म्हणाला, "बसचं कुणी काही बोललं नाही."

मला वाटलं, गंमत करतोय.

ट्रकमधून मला आणलं ते टेकडीपलीकडच्या माळावर. चहूकडे मोकळं रान, मधे खडीचा रस्ता आणि त्याच्या कडेला मी. दुसऱ्याच दिवशी नगराध्यक्ष आले. माझ्या दोन खांबांना रिबीन बांधली होती, ती त्यांनी कापली. मग फोटोसाठी ते बाकावर बसले, पाय लोंबकळायला लागले तसे घाईघाईनं उठले आणि उभ्यानंच फोटो काढून घेतला.

टाळ्या वाजवून लोक पांगले. माझ्या सावलीत दोघंच उरले. एक इमारती बांधणारे बिल्डर, दुसरे नगरपालिकेचे नियोजन अधिकारी, ज्यांना सगळे नियोजनसाहेब म्हणत.

"मग आता आमच्या इमारतींचं काय?" बिल्डरनं विचारलं.

"नियम सरळ आहे. वसाहतीत दवाखाना आणि शाळा बांधायची. नाहीतर मग गावातल्या दवाखान्यापर्यंत आणि शाळेपर्यंत जायला सार्वजनिक वाहतुकीची सोय हवी."

"ही काय सोय!" बिल्डरनं माझ्या खांबावर थाप मारली. पत्रा खणखणला.

"झाली तर मग," नियोजनसाहेब म्हणाले.

"पण बस?"

"बस हा परिवहन समितीचा विषय. आपला विषय थांबा."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी थांबा नव्हतोच. चार पायांवर उभी केलेली मंजुरी होतो. माझ्या जिवावर आराखड्यातला दवाखाना पुसला गेला आणि तिथे पोहण्याचा तलाव आला. शाळेच्या जागी मोटारी उभ्या करायची सोय झाली. आणि मी आपला ऊन खात उभा, जणू माझा त्यात काही संबंधच नाही.

इमारती भराभर वर गेल्या. माणसं राहायला आली. सकाळी नीटनेटके कपडे घालून, डबा घेऊन माझ्यापाशी उभी राहू लागली. बसची वाट पाहणाऱ्या माणसाचं एक बरं असतं, तो फार काही करत नाही. आधी रस्त्याकडे बघतो, मग घड्याळाकडे, मग शेजारच्याकडे अशा नजरेनं बघतो की बस यानंच कुठेतरी लपवून ठेवलीय. काही दिवसांनी त्यांना परिस्थिती कळली. मग कुणी स्कूटर घेतली, कुणी शेजाऱ्याच्या गाडीत जागा पटकावली, आणि माझ्याकडे बघायचंच सोडलं.

मग माझी दुर्दशा सुरू झाली. 'घरबसल्या कमवा', 'टक्कल आठ दिवसांत गायब', 'हरवलेला पोपट परत करा' अशी पत्रकं माझ्या अंगावर चिकटली. एक कुत्रा बाकाखाली कायमचा राहायला आला. एक प्रेमी जोडपं रोज संध्याकाळी यायचं. त्यांना बस यायला नकोच होती. माझ्यावर खूश असलेले तेवढेच दोघे.

आणि मग आला न्हावी. गावात रस्ता रुंद करताना त्याची टपरी उडवली होती. तो खुर्ची खांद्यावर घेऊन माळावर आला, मला खालून वर न्याहाळलं आणि म्हणाला, "छप्पर आहे, वारा आहे, गर्दी अजिबात नाही. झकास." वेळापत्रकासाठी माझ्या पाठीवर एक चौकट होती, जन्मापासून रिकामी. तिच्यात त्यानं आरसा बसवला. रोज सकाळी तो मला पुसून काढायचा, त्या कुत्र्यालाही जरा पलीकडे सरकवायचा. नगरपालिकेनं मला उभं केलं, पण माझी निगा राखली ती या माणसानं.

याच सुमारास तिसऱ्या इमारतीत एक निवृत्त मुख्याध्यापिका राहायला आल्या. सगळी वसाहत त्यांना हेडबाई म्हणायची. त्यांच्या मूत्रपिंडांनी राजीनामा दिला होता, त्यामुळे आठवड्यातून दोनदा त्यांना रक्त शुद्ध करून घ्यायला गावातल्या इस्पितळात जावं लागे. सून त्यांना स्कूटरवरून नेई. येता-जाता हेडबाई माझ्या बाकावर टेकायच्या, दम खायच्या आणि न्हाव्याच्या गिऱ्हाइकांचं शुद्धलेखन सुधारायच्या. म्हणजे माझ्या अंगावर जे खरडलेलं असायचं त्याचं. त्या प्रेमी जोडप्याच्या बाणाखालच्या 'प्रित'चं त्यांनी खडूनं 'प्रीत' करून टाकलं.

एकदा उतारावरच्या खडीत स्कूटर घसरली. हेडबाई थोडक्यात बचावल्या, सुनेचं मनगट मोडलं. प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवून ती सासूला घेऊन माझ्यापाशी आली. टॅक्सीवाला येतो म्हणून आला नव्हता.

"आई, आपण परत गावात राहायला जाऊ," ती रडवेली होऊन म्हणाली. "भाड्यानं राहू. हे असं किती दिवस चालायचं?"

"घर घेताना जाहिरातीत बस होती," हेडबाई म्हणाल्या. "मी त्या बसनंच जाणार."

त्यांनी नगरपालिकेकडे तक्रार केली. नगरपालिका फारच तत्पर निघाली. बस पाठवली नाही, माणूस पाठवला. त्याच्या हातात टिचकी मारली की आकडा पुढे सरकतो असं एक यंत्र होतं. तो दिवसभर माझ्यासमोर झाडाखाली बसला आणि एकदाही टिचकी न मारता निघून गेला. बस नाही तिथे बसची वाट कोण बघणार? लगेच माझ्या खांबावर नोटीस लागली. मागणी नसल्यामुळे थांबा काढून टाकण्याचा प्रस्ताव आहे. माझ्या जागी कारंजं होणार होतं. बससाठी पैसे नव्हते, कारंज्यासाठी होते. का, ते विचारू नका. ते पैसे वेगळ्या कप्प्यातले असतात म्हणे.

यावर सुनावणी झाली. मी काही तिकडे जाऊ शकत नाही, पण न्हावी गेला होता. दुसऱ्या दिवशी एका गिऱ्हाइकाच्या तोंडाला फेस फासून त्यानं अख्खी सुनावणी सगळ्यांच्या आवाजात करून दाखवली.

"हेडबाई म्हणाल्या, बस का नाही? नियोजनसाहेब म्हणाले, प्रवासी नाहीत. बाई म्हणाल्या, प्रवासी का नाहीत? साहेब म्हणाले, बस नाही म्हणून. बाई म्हणाल्या, मग? साहेब म्हणाले, मग काय, मागणी नाही!"

गिऱ्हाईक हसलं आणि फेस त्याच्या नाकात गेला.

"शेवटी परत मोजायचं ठरलंय," न्हावी म्हणाला. "येत्या सोमवारी."

त्या संध्याकाळी हेडबाई माझ्या बाकावर येऊन बसल्या. "सोमवारी सगळ्यांनी इथे रांग लावायचीय. तुम्हीही या."

न्हावी वस्तरा पुसत राहिला. "बाई, बस आली तर माझी खुर्ची जाणार."

"हो, जाणार," हेडबाई म्हणाल्या.

मला वाटलं, त्या काहीतरी गोड बोलतील. नाही बोलल्या. न्हाव्यानं आरशात स्वतःकडे एकदा पाहिलं, आरसा चौकटीतून काढला आणि काखोटीला मारून चालू लागला. जाताना राम राम नाही की काही नाही.

सोमवारी सकाळी मी जे पाहिलं ते पाहून माझे बोल्ट सैल झाले. तिसऱ्या इमारतीपासून माझ्यापर्यंत रांग! ऑफिसवाले, पिशवीवाल्या आजी, कडेवरची पोरं, लिफ्टमध्येही एकमेकांशी न बोलणारे शेजारी. सगळ्यात पुढे हेडबाई, त्यांच्यामागे सून. आणि रांगेच्या मध्यावर, स्वच्छ शर्ट घालून, हातात पिशवी घेऊन न्हावी. पिशवी रिकामी होती. त्याला कुठेच जायचं नव्हतं.

यंत्रवाला आला आणि गांगरला. "तुम्ही सगळे कशाची वाट बघताय?"

"बसची."

"अहो, इथे बस येत नाही."

"म्हणून तर वाट बघतोय," हेडबाई म्हणाल्या. "येत असती तर केव्हाच गेलो असतो."

त्यानं साहेबांना फोन लावला. फोन झाल्यावर म्हणाला, "तिकीट काढलं तरच प्रवासी धरता येतो."

"तिकीट कुठे मिळतं?"

"बसमध्ये."

कुणीतरी हे सगळं टिपून वर्तमानपत्राला कळवलं. फोटोग्राफर आला. आणि फोटोग्राफर जिथे जातो तिथे नगराध्यक्ष येतात, तसे तेही आले. निवडणूक तोंडावर होती. गाडीतून उतरून ते हसत, हात जोडत थेट पुढे निघाले.

"अहो, मागे," हेडबाई म्हणाल्या. "रांग तिकडे संपते."

मुख्याध्यापिकेचा तो आवाज. नगराध्यक्षांचे पाय त्यांना न विचारताच मागे वळले. कॅमेरा समोर, मागे मतदार. बिचारे शेवटी जाऊन उभे राहिले. थोड्या वेळानं त्यांनी रस्त्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे, मग शेजारच्याकडे. अगदी सगळ्यांसारखं.

ऊन चढलं. तो हेडबाईंचा इस्पितळात जायचा दिवस होता. त्यांचे पाय सुजले होते, बोलताना धाप लागत होती. सून कळवळून म्हणाली, "आई, पुरे झालं. मी टॅक्सी बोलावते."

नगराध्यक्ष लगबगीनं पुढे आले. "बाई, माझ्या गाडीतून सोडतो ना तुम्हाला."

हेडबाईंनी मागे वळून रांगेकडे पाहिलं. "एवढे सगळे मावतील का?"

कुणी हसलं नाही. सून सासूचा हात घट्ट धरून उभी होती. न्हाव्यानं रिकाम्या पिशवीनं बाईंना वारा घालायला सुरुवात केली. नगराध्यक्ष घामाघूम झाले होते. त्यांनी खिशातून फोन काढला, पाठ वळवली आणि डेपोला असं काही सुनावलं की ते छापता येणार नाही.

आणि बस आली. मी जन्मात पहिल्यांदा बस पाहिली, तीही पाठमोरी. ड्रायव्हरला थांबा कुठे ते माहीतच नव्हतं, तो सुसाट पुढे गेला. अख्खी रांग ओरडत मागे धावली. बस थांबली, मग मागे मागे येत माझ्यासमोर उभी राहिली.

"थांबा होय हा?" ड्रायव्हर म्हणाला. "आम्ही तर ऐकलं होतं, इथे न्हाव्याचं दुकान आहे."

न्हाव्यानं आणि सुनेनं धरून हेडबाईंना वर चढवलं. त्यांनी कंडक्टरकडे हात पुढे केला आणि भल्या मोठ्या आवाजात म्हणाल्या, "एक तिकीट द्या. इस्पितळ." यंत्रवाल्यानं टिचकी मारली. मी ऐकली ती.

त्यानंतर बस रोज यायला लागली. सगळं छान झालं असं सांगायला मला आवडलं असतं. पण वर्षभरात नियोजनसाहेब आणि बिल्डर परत माझ्या सावलीत उभे होते. वाहतुकीची सोय इतकी उत्तम आहे, म्हणून माळावर आणखी तेवढ्याच इमारतींना मंजुरी मिळाली. बस तीच, एकच. आता ती येते तेव्हा दाराला माणसं लटकलेली असतात.

मलाही बढती मिळाली, म्हणजे मला काढून टाकलं. माझ्या जागी काचेचा, बसची वेळ दाखवणारा टीव्हीसारखा पडदा लावलेला थांबा आलाय. त्याच्या पडद्यावर 'बस चार मिनिटांत' असं दिसतं, कधीही बघा, चार मिनिटांतच. त्याला बाक नाही, टेकायला एक तिरकी दांडी आहे. माझे खांब भंगारात गेले. छप्पर आणि बाक मात्र न्हाव्यानं मागून घेतले आणि रस्त्याच्या पलीकडे स्वतःचं दुकान उभं केलं. आता मी त्याच्यात आहे.

हेडबाई थकल्या आहेत, पण आठवड्यातून दोनदा येतात. काचेच्या थांब्याकडे ढुंकूनही न बघता माझ्या बाकावर बसतात. त्यांच्याबरोबर निम्मी रांगही इकडेच येते. न्हावी कुरकुर करतो आणि जागा करून देतो. सध्या बाईंनी दवाखान्याची मागणी लावून धरली आहे. बस आहे तर दवाखाना कशाला, असं उत्तर आलंय. त्यावर बाई उद्या नगरपालिकेत जाणार आहेत, आणि म्हणे घरी परतायची त्यांना काही घाई नाही.

तुमच्या गल्लीतही कधी काहीतरी नवं, रंगवलेलं उभं राहील. त्याच्याशी दोन शब्द बोला. बाबा, तू खरंच कशासाठी आहेस, एवढं विचारा. आम्ही खोटं बोलत नाही, आम्हाला कुणी विचारतच नाही.

बरं, ती बघा, वळणावर धूळ उडाली. उठा, बाईंना आधी चढू द्या. आणि दाराशी लटकू नका.