धोंडू आणि उलटी रांग

व्हिडिओ गेमच्या स्पर्धेतला शेवटचा सामना दोघी बहिणींतच होता. पडद्यावर धाकटीचे सहाही राक्षस ओळीनं उभे राहिले आणि हेडफोन उचलता उचलता थोरलीचा हात थांबला. अगदी कडेला धोंडू होता. दगडी पाठीचा, अर्धवट मिटल्या डोळ्यांचा, तिनं स्वतः वाढवलेला धोंडू.

"अगं, सहा नावं द्यावीच लागतात ना, म्हणून घातलाय," धाकटी टेबलापलीकडून म्हणाली. "उतरवायचे त्यातले चारच. त्याला नाही काढत मी. तुझ्यावर सोडेन होय त्याला?"

"मी कुठे काय म्हटलं?" थोरली म्हणाली आणि तिनं कानांवर हेडफोन चढवले.

या खेळात सगळं अडतं ते पाळीवर. जो राक्षस चपळ, त्याचा वार आधी. आणि आधी वार करणारा पुष्कळदा समोरच्याला उलट वार करायला शिल्लकच ठेवत नाही. म्हणून सगळं जग चपळ राक्षसांच्या मागे. थोरलीला मात्र पहिल्यापासून बोजड, कुणी न पुसलेलेच आवडायचे. त्यांच्यासाठी खेळात एक डाव होता, उलटी रांग. तो टाकला की काही फेऱ्यांपुरता सगळा क्रम फिरायचा. जो सगळ्यांत मंद, तो पहिला. बाईनं त्या एका डावावर जन्म काढला म्हणा ना!

लाँड्रीत दिवसभर हॉटेलच्या चादरींना इस्त्री मारायची, घरी येऊन अंथरुणाला खिळलेल्या आईचं सगळं करायचं, आणि सुट्टीच्या दुपारी आईचा डोळा लागला की खेळातली राक्षसांची अंडी उबवत बसायचं. पिल्लू जरा चपळ निघालं की बाजूला. असं करता करता धोंडू निघाला. त्याच्याहून मंद राक्षस या खेळात निघूच शकत नाही. धाकटी नोकरीसाठी घर सोडून निघाली, तेव्हा थोरलीनं तोच तिला देऊन टाकला. "तुला मेलीला सगळ्याचीच घाई. हा असू दे जवळ." स्वतःला ठेवला धोंडूच्या पाठचा भाऊ, केसभर चपळ.

आज जिंकणारीला एका संघात पगारी जागा मिळणार होती. वर राहायला दोन खोल्या. म्हणजे आईला घेऊन जाता आलं असतं आणि इस्त्रीच्या वाफेतून कायमची सुटका झाली असती. धाकटीला तिच्या ऑफिसात बरं चाललं होतं. "मला काय करायचीय ती जागा? मी आपली हौसेनं खेळतेय," असं ती फोनवर म्हणालीही होती.

खेळ रंगला. शेवटी दोघींकडे दोन-दोन उरले. धाकटीचा एक समोर होता, वाऱ्यासारखा चपळ. दुसरा अजून पडद्यावर आलाच नव्हता. थोरलीकडे उलटी रांग टाकणारा एक आणि धोंडूचा भाऊ. उलटी रांग टाकली की समोरचा चपळ राक्षस हातात आलाच. पण धाकटीचा तो लपलेला चौथा धोंडू असला तर? मग उलट्या रांगेत पहिला वार त्याचाच. नुसते साधे वार करत थोडं थांबता आलं असतं, कोण येतोय ते बघता आलं असतं. तिनं मान वर करून धाकटीकडे पाहिलं. छे! सख्ख्या बहिणीच्या शब्दावर संशय घ्यायचा?

तिनं उलटी रांग टाकली. टाकणारा समोरच्याच्या वारानं पडला. भाऊ उतरला, आधी त्याचा वार, आणि चपळ राक्षस आडवा. थोरलीला हसू आवरेना.

मग धाकटीनं धोंडू काढला.

सगळ्यांत मंद तो पहिला. एकाच वारात भाऊ खलास. लोकांनी टाळ्या पिटल्या.

"ताई, रागावू नकोस गं," धाकटी टेबलाला वळसा घालून आली. "हरायला लागले होते. नकळत हात गेला."

"नकळत कसा जाईल? चार निवडलेस ते खेळाच्या आधी. तेव्हाच घेतलास ना त्याला?"

धाकटी मंचाकडे वळली. तिला बक्षिसासाठी हाका मारत होते. जाता जाता म्हणाली, "ती जागा... एखादं वर्ष करून बघावी म्हणतेय. तसंही, आईला टाकून तुला जमलं नसतंच."

"आईला घेऊन जाणार होते," थोरली म्हणाली; पण धाकटी तोवर पायऱ्या चढत होती.

घरी पोहोचली तेव्हा आईजवळ बसलेली शेजारीण वाटच बघत होती. ती गेल्यावर थोरलीनं हातपाय धुतले, आईच्या पाठीशी उशी लावली आणि मऊ भात कालवायला घेतला.

"कोण जिंकलं गं?"

"धाकटी."

"अगंबाई!" आईचा चेहरा खुलला. "म्हणजे घरातच आलं की!"

"हो. घरातच."

"ती लहानपणापासूनच चपळ. तू आपली..." आई लाडानं हसली.

थोरलीच्या अगदी ओठांवर आलं होतं, की चपळपणानं नाही जिंकली ती. माझ्या धोंडूनं जिंकली. पण धोंडू कोण, हे आईला कुठून सांगायला लागणार?

तिनं पहिला घास भरवला. आईला एकेक घास गिळायला फार वेळ लागतो. दुसरा चमचा भरून हातात धरून थोरली तशीच थांबून राहिली.