एस्तेरबाईंनी अंथरलेली सतरंजी

मित्रांनो, मी एक जुनी सतरंजी आहे आणि माझा जन्म तुरुंगात झाला. लगेच नाके मुरडू नका, मी काही चोरी केली नव्हती. ठाण्याच्या तुरुंगात तेव्हा हातमाग होते आणि सक्तमजुरीचे कैदी त्यांवर सतरंज्या विणत. १९५० सालच्या उन्हाळ्यात मी मागावरून उतरले. अंगावर निळे-पांढरे पट्टे, आणि कडा अशी सरळ की विणकाम शिकवणारे धोंडीबा मास्तर, जे सहसा कुणाला बरे म्हणत नसत, ते माझ्यावर हात फिरवून म्हणाले, "पंढरी, हिला तोड नाही रे." तेव्हा मला जो गर्व चढला तो अजून पुरता उतरलेला नाही.

पंढरी म्हणजे मला विणणारा कैदी. तो कोपर गावचा, मिठागरात राबणाऱ्या घरातला. बाहेर असताना मिठाची बैलगाडी हाकायचा. विणताना तो कुणाशी बोलत नसे. आडवा धागा घातला की लोखंडी दात्यांचा पंजा घेऊन तो इतक्या जोराने ठोकायचा की शेजारचे कैदी म्हणत, "अरे, सतरंजी विणतोस की कुणाला मारतोस?" असे कुणी म्हटले की त्याचा हात जागच्या जागी थांबायचा. कारण पंढरीने खरोखरच एका माणसाला मारले होते.

ती हकीकत त्याने एकदा माग थांबवून धोंडीबा मास्तरांना सांगितली, तेव्हा मी मागावरूनच ऐकली. विठ्ठलवाडीच्या अलीकडे एक रेल्वे फाटक होते आणि तिथे शांतवन नावाचा फाटकवाला होता. १९४८ साली एका दुपारी पंढरी गाडी घेऊन आला तेव्हा फाटक बंद होते. उन्हाने बैल तापले होते आणि पंढरी बैलांहून जास्त तापला होता. "उघड," तो म्हणाला. "गाडी येतेय, उघडणार नाही," शांतवन म्हणाला. शब्दाला शब्द लागला आणि पंढरीने हातातला दांडका त्याच्या डोक्यात घातला. शांतवन फाटकाच्या खांबाशी पडला तो पुन्हा उठला नाही. पंढरी दांडका धरून तसाच उभा होता, आणि त्याच्या डोळ्यांसमोरून एक्सप्रेस धडधडत निघून गेली. फाटक उघडले असते तर पंढरीही उरला नसता आणि बैलही. ज्याने त्याचा जीव वाचवला त्याचाच जीव त्याने घेतला होता. कोर्टात हे त्याने सांगितले नाही. त्याची जीभच उचलली नाही. त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली.

मला विकत घेतले ते प्रभाकररावांनी. ते ठाण्याच्या आणि कल्याणच्या मराठी ख्रिस्ती मंडळींचे पाळक, म्हणजे पाद्री होते आणि दर रविवारी दुपारी तुरुंगात जाऊन प्रार्थना घेत. मला गुंडाळून सायकलच्या मागे बांधायचे आणि टेंभी नाक्यावरून घंटी वाजवत निघायचे. ज्या दारातून आत गेलेला माणूस वर्षानुवर्षे बाहेर येत नसे, त्या दारातून मी दर आठवड्याला आत जाऊन संध्याकाळी बाहेर येत होते. पहारेकरी मला उलगडून झटकून बघायचे, एवढाच काय तो अपमान.

माणसे मी चेहऱ्याने ओळखत नाही. पायांनी आणि गुडघ्यांनी ओळखते. माझ्यावर चोर बसले, दरोडेखोर बसले, खोटे दस्त करणारे एक गुळगुळीत टाचांचे कारकूनही बसले. कोण ख्रिस्ती आणि कोण नाही, हे प्रभाकररावांनी कधी विचारले नाही. पंढरीही यायचा. पण माझ्यावर बसायचा नाही. माझ्या कडेपासून वीतभर लांब, उघड्या फरशीवर बसायचा.

"पंढरी, वर ये ना. तूच तर विणलीस," प्रभाकरराव म्हणायचे.

"नको पाद्रीबाबा. चांगल्या मानसांनी बसावं तिच्यावर."

"इथं चांगला कोण आहे? मी धरून सगळे अपराधीच."

सगळे हसायचे, पंढरी हसायचा नाही. ख्रिस्ताने क्रूसावरून आपल्याला खिळे ठोकणाऱ्यांनाही क्षमा केली, हे प्रभाकरराव त्याला पुन्हा पुन्हा समजावून सांगत. एकदा पंढरी म्हणाला, "देव करील माफ, त्याचं मन मोठं हाय. पन जिचा घरधनी मी नेला तिनं कुठं केलंय?" अशी तीन वर्षे गेली. मला, खरे सांगते, त्याचा राग यायचा. स्वतः विणायचे आणि स्वतःच वीतभर लांब बसायचे, हा कुठला न्याय?

पुढे १९५३च्या पावसाळ्यानंतर तुरुंगातले एक जड बाक माझ्यावरून ओढताना माझी कड हातभर फाटली. प्रभाकररावांनी मला कल्याणला नेले आणि एस्तेरबाईंच्या हातात दिले. एस्तेरबाई रेल्वेच्या चाळीमागे एका खोलीत राहत आणि शिवणकाम करून पोट भरत. त्या शांतवनच्या विधवा होत्या. ठाण्यात काय सुईदोरा मिळत नव्हता? मला अजून वाटते की प्रभाकररावांनी हे मुद्दाम केले.

एस्तेरबाईंनी मला मांडीवर घेतले, सुई ओवली आणि निम्मी कड शिवून होता होता म्हणाल्या, "हात चांगला आहे हो. कोणी विणली?"

प्रभाकरराव खोटे बोलू शकत नव्हते. त्यांनी नाव सांगितले.

एस्तेरबाईंनी सुई काढून घेतली. मला घेऊन जा म्हणाल्या नाहीत, शिवते असेही म्हणाल्या नाहीत. माझी वळकटी केली आणि पायाने खाटेखाली सारली.

मित्रांनो, तिथे मी सहा महिने पडून होते. माझ्यावर धूळ बसली, उंदरांनी माझे दोन गोंडे नेले, एका मांजरीने तर माझ्यावर संसारच थाटला. तिकडे तुरुंगात प्रार्थना उघड्या फरशीवर होत असणार, या विचाराने जीव तुटायचा. पण मला खरी काळजी लागली ती खाटेवरच्या बाईची. दिवेलागणीला एस्तेरबाई प्रार्थना म्हणत. "आमच्या पापांची क्षमा कर," इथपर्यंत आवाज खणखणीत यायचा. पुढे आपणही इतरांना क्षमा केल्याचे म्हणायचे असते. तिथे त्या गप्प व्हायच्या. तेवढे वाक्य गिळून पुढची प्रार्थना म्हणायच्या. सहा महिन्यांत एकदाही मी ते वाक्य ऐकले नाही. पंढरी निदान दगडी भिंतीआड होता. ही बाई मात्र बाजारात जात होती, शेजारणींशी बोलत होती आणि तरीही कोंडलेलीच होती.

मग उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे आला. उपासना आटोपून प्रभाकरराव खोलीवर आले. ते म्हणाले, "एस्तेरबाई, मी काही मागायला आलो नाही. फक्त एक गोष्ट तुम्हाला माहीत असावी. त्या दिवशी फाटक उघडलं असतं तर पंढरी गाडीखाली गेला असता. एक्सप्रेस लगेच गेली."

"लगेच?"

"शांतवन पडले आणि गाडी गेली. तो स्वतः सांगतो. म्हणूनच तो सतरंजीवर बसत नाही."

एस्तेरबाई भिंतीवरच्या नवऱ्याच्या तसबिरीकडे वळल्या. "म्हणजे ह्यांनी त्याला वाचवलं," त्या म्हणाल्या. "सहा वर्षं मला वाटत होतं, माझा माणूस एका भांडणात फुकट गेला."

प्रभाकरराव गेल्यावर त्यांनी मला ओढून बाहेर काढले. मांजरीला हाकलले, मला दोरीवर टाकून असे धोपटले की मला नानी आठवली. मग शिवायला बसल्या. त्यांचा राग एका दमात गेला असे मी म्हणणार नाही. सुई कधी इतकी जोरात खुपसायच्या की मी कळवळायची, आणि कधी माझ्यावर टपटप पाणी पडायचे. शनिवारी दिवेलागणीला शेवटची गाठ मारली, दोरा दाताने तोडला आणि प्रार्थनेला बसल्या. त्या संध्याकाळी त्यांनी कुठलेही वाक्य गिळले नाही.

दुसऱ्या दिवशी ईस्टर, ख्रिस्त मरणातून उठला तो सण होता. प्रभाकररावांनी परवानगी काढली आणि एस्तेरबाई मला खांद्यावर घेऊन स्वतः तुरुंगात आल्या. त्यांनीच मला अंथरले. कैदी येऊन बसले. पंढरी आला आणि नेहमीसारखा वीतभर लांब फरशीवर बसला.

"पंढरी कोण?" बाईंनी विचारले.

"मी हाय, बाय."

"मी शांतवनची बायको."

पंढरीने कपाळ फरशीला टेकवले.

"ऊठ," एस्तेरबाई म्हणाल्या. "मी तुला क्षमा केली. सहा वर्षं लागली, पण केली. आता वर येऊन बस."

"नाय बाय. मना ती जागा नाय. त्यानं मना वाचवला न् मी त्याला मारला."

आता मात्र बाई चिडल्या. "अरे, मार खाल्ला पण माझ्या नवऱ्यानं फाटक उघडलं नाही! कशासाठी? तू जगावास म्हणून. आणि त्यानं राखलेला जीव तू असा कडेला टाकून देतोस? त्याचं काही मी वाया जाऊ देणार नाही. बस म्हणते ना!"

आणि पंढरी उठला. आधी त्याचा एक गुडघा मला टेकला, मग दुसरा, मग मिठाने भेगाळलेले ते दोन्ही तळवे. ज्या हातांनी मला जन्म दिला ते चार वर्षांनी पुन्हा माझ्या अंगावर आले. तो लहान मुलासारखा मोठमोठ्याने रडला. एस्तेरबाई त्याच्या शेजारी बसल्या आणि त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

प्रभाकररावांना प्रवचन सुचेना. ते नुसते ओरडले, "प्रभू उठला आहे!" आणि सगळे कैदी एका आवाजात ओरडले, "खरोखर उठला आहे!" तो आवाज असा घुमला की कोटाच्या भिंतीवरची कबुतरे उडाली. दारातल्या पहारेकऱ्यानेही टोपी काढली. मग टाळ्यांवर भजन सुरू झाले, आणि मी मोठ्या अभिमानाने सांगते की त्या दिवशी माझ्यावर मुंगीला शिरायला जागा नव्हती.

भजन संपल्यावर पंढरी डोळे पुसत म्हणाला, "पाद्रीबाबा, मी सुटलो."

"अरे, तुझी चार वर्षं बाकी आहेत!" मागून कुणीतरी हसून म्हणाले.

"ती भोगीन. भोगाया पायजेतच. पन मी सुटलो."

"मीही," एस्तेरबाई म्हणाल्या.

पंढरीने राहिलेली शिक्षा पूर्ण भोगली. पण त्यानंतर त्याचा पंजा असा ताल धरून पडायचा की शेजारचे माग त्याच्या तालावर चालू लागले, आणि नव्या घाबरलेल्या कैद्याला रविवारी हाताला धरून आणायचे काम तो आपणहून करू लागला. सुटला तेव्हा दारावर त्याची आई तुळसा आली होती, आणि तिच्या शेजारी एस्तेरबाई उभ्या होत्या.

मी आता कल्याणच्या प्रार्थनामंदिरात असते. रंग विटला आहे, अंगाला सतरा ठिगळे आहेत. मित्रांनो, आम्हा सतरंज्यांना ऊन दाखवा, झटका, उंदरांपासून सांभाळा. मात्र जपायचे म्हणून घडी घालून माळ्यावर ठेवू नका. आणि अंथराल तेव्हा आधी कडेला बघा. कुणी वीतभर लांब बसला असेल तर जरा सरका आणि त्याला वर बोलवा. तो नको म्हणेल. तरीही बोलवा.