मागून उघडा

"हा कुणी घातला यांना?" वॉर्डातल्या सिस्टरनी माझ्या वडिलांच्या अंगावरचा गाउन चिमटीत धरून विचारलं.

"मी. मीच शिवलाय."

"शिवणखात्यात आहात म्हणून काय मनाला येईल ते शिवणार? यावर शिक्का नाही, नंबर नाही. काढा बघू."

काढला. सांगते कुणाला? एकोणीस वर्षं मी या हॉस्पिटलच्या शिवणखात्यात पेशंटचे गाउन शिवतेय. पुढून सपाट, मागून उघडा, तीन नाड्या. दिवसाला बावीस. इतकी वर्षं हात चालत होते आणि डोकं रजेवर होतं. तो गाउन माणसाच्या अंगावर कसा दिसतो, हे एकदाही वर वॉर्डात जाऊन पाहिलं नव्हतं.

पाहिलं ते गेल्या महिन्यात. बाबांना झटका आला आणि डावी बाजू लुळी पडली. बाबा शाळेत पी.टी.चे सर. शर्ट खोचलेला नसला की मैदानाला फेऱ्या मारायला लावायचे, मलाही सोडलं नाही कधी. तेच बाबा पाय ओढत बाथरूमकडे निघाले होते. एकुलत्या एका चालत्या हातानं त्यांनी मागून गाउन गच्च धरला होता, त्यामुळे आधाराला हातच उरला नव्हता. मला पाहिलं आणि भिंतीला पाठ लावून उभे राहिले. मी जाईपर्यंत हलले नाहीत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो गाउन माझ्याच मशिनवरचा असणार.

रविवारी घरी जमिनीवर ब्राउन पेपर पसरून बसले. नाड्या मागे का? तपासणाऱ्याला सोपं म्हणून. मग घालणाऱ्याची सोय कुणी बघायची? एक पदर दुसऱ्यावर आणून बाजूला बांधला तर? डावा हात पाठीशी धरून मी स्वतःच घालून पाहिलं. एका हातानं गाठ बसेना. मग नाडी काढून टिचबटण लावलं. ते कमरेच्या हाडावर दाबलं की पट्कन लागतं, दुसऱ्या हाताची गरजच नाही! हे सुचलं तेव्हा मी एकटीच मोठ्यानं हसले.

"आज या घरात जेवण आहे की नुसते कागदच?" यजमान दारातून म्हणाले. तीन वाजून गेले होते आणि मला भुकेची शुद्धच नव्हती. आनंद झालाच, पण त्याहून जास्त राग आला. चव्वेचाळीस वर्षांची होईपर्यंत हे माझ्या हाताला का लागलं नाही?

सिस्टरनी काढायला लावलेला तो हाच गाउन. तो घेऊन मी स्टोअरच्या साहेबांकडे गेले. त्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला.

"वीतभर कापड जास्त लागतंय."

"पण साहेब, माणूस झाकला जातो."

"बाई, याला डिझाइन म्हणतात. त्यासाठी शिकलेली माणसं असतात. तुम्ही आपलं शिवा."

नमुना त्यांनी ठेवून घेतला. दोन दिवसांनी तो मला जिन्यात भेटला, लादी पुसायचं फडकं होऊन. टिचबटण तेवढं शाबूत होतं.

त्या तिरमिरीतच मी पॉलिटेक्निकमध्ये गेले. संध्याकाळचा डिझाइनचा कोर्स. समोरची मॅडम माझ्या भाचीच्या वयाची.

"ड्रॉइंग येतं?"

"नाही. कापता येतं."

ती हसली नाही. फॉर्म पुढे सरकवला आणि म्हणाली, "रोज पाचला हजर राहावं लागेल."

म्हणजे चारला खातं सोडायचं. आमच्या मुख्य बाई दोन महिन्यांनी निवृत्त होणार होत्या आणि त्यांची खुर्ची माझी, हे ठरलेलं होतं. पण खुर्चीवरच्या माणसाला सहाच्या आत उठता येत नाही.

"इतकी वर्षं त्या खुर्चीकडे डोळे लावून बसलीस आणि आता हातची घालवतेस?" यजमान कडाडले. "त्या साहेबाची जिरवायला?"

"थोडं तसंही आहे."

"आणि शिकून आलीस म्हणून तो ऐकणार आहे?"

"नसेल ऐकत. पण मला गप्प बसवायला दुसरं कारण शोधावं लागेल त्याला."

त्यांनी दोन दिवस अबोला धरला. मी फॉर्म भरून टाकला. खुर्ची माझ्यानंतर आठ वर्षांनी लागलेल्या बाईला द्यायचं ठरलं. तिचं अभिनंदन करताना माझी नजर त्या खुर्चीवरच होती, खोटं कशाला बोलू?

मग बाबांना सांगितलं. त्यांची जीभ अजून जड होती.

"किती... दिवसांचं?"

"दोन वर्षांचं, बाबा."

डॉक्टरांनी फार तर काही महिनेच सांगितले होते, ते त्यांनाही माहीत होतं, मलाही.

"मग मला... हाच," ते अंगावरच्या गाउनकडे बघत म्हणाले. पलंगाची कड धरून कसेबसे उभे राहिले आणि माझ्याकडे पाठ केली. जमेल तेवढी ताठ. "बांध. घट्ट."

मी तिन्ही नाड्या बांधल्या. मध्ये तरी फट राहिलीच. दोन्ही कडा हातात धरून मी त्यांच्या मागोमाग बाथरूमपर्यंत चालत गेले.