विकतचा आजा

आमच्या घरात विकाऊ नव्हत्या अशा दोनच वस्तू होत्या. एक मामंजींचं रंगीत चित्र आणि दुसरी मी. बाकी सगळं जाण्यासाठीच आलेलं असे. ज्या टेबलावर सकाळी भाजी निवडली ते संध्याकाळी जागेवर दिसेल याचा भरवसा नाही. एकदा माझे भाऊ जेवायला बसले होते आणि गिऱ्हाईक ओसरीवर त्यांचा ताकभात संपायची वाट बघत ताटकळत होतं, कारण सौदा पाटांचा झाला होता.

मामंजी साताऱ्याच्या कोर्टात शिरस्तेदार होते. नोकरी संपल्यावर त्यांनी पुण्याहून चित्रकार बोलावून आपलं चित्र काढून घेतलं. डोक्यावर पगडी, अंगात काळा कोट, हातात कागदाची सुरळी आणि चेहऱ्यावर मी नुकतंच काहीतरी सांडलंय असा भाव. ते जाऊन कितीतरी वर्षं झाली होती, तरी त्या चित्रासमोर माझा हात आपोआप पदराकडे जाई. त्या खोलीत मी कधी खुर्चीवर बसले नाही.

ह्यांनाही मामंजींनी कोर्टातच चिकटवलं होतं. पण जप्तीच्या लिलावांना उभं राहून राहून ह्यांना स्वस्तातल्या मालाची चटक लागली आणि नोकरी सुटली. सत्तेचाळीस साली साहेब लोक गाशा गुंडाळायला लागले, तेव्हा तर ह्यांची दिवाळीच झाली. पाचगणी-महाबळेश्वरच्या बंगल्यांत रोज कुठंतरी लिलाव. हे पहाटेच्या मोटारीनं जायचे आणि दिवेलागणीला आरामखुर्च्या, हरणांची शिंगं, तडा गेलेल्या सुरया घेऊन यायचे. सातारा गाव ह्यांना अण्णा म्हणे. ह्यांचे नियम दोन. पहिला, वस्तू विकायची नसते, तिची गोष्ट विकायची असते. तडा गेलेल्या सुरईतून लाटसाहेब पाणी प्यालेला असायचा, आणि तडासुद्धा त्याच्याच रागानं गेलेला असायचा. दुसरा नियम, माल कुठून आला हे विचारायचं नाही.

हा दुसरा नियम मागच्या दारासाठी होता. साहेब आपलं सामान उजेडात विकत, आपली मोठी घराणी मात्र अंधार पडायच्या बेताला, वर गोधडी टाकून, गड्याकरवी पाठवत. बडा घर पोकळ वासा म्हणतात, पण इथं वासेसुद्धा विकायला निघाले होते. असाच एक गडी एकदा गोधडीत गुंडाळून एका सरदाराचं चित्र ठेवून गेला. मोठा फेटा, गालांपर्यंत मिशा, तलवारीच्या मुठीवर हात. खाली नाव नव्हतं. ह्यांनी विचारलं नाही, गड्यानं सांगितलं नाही.

ते चित्र हंबीररावाच्या नजरेला पडलं. हंबीरराव कृष्णाकाठचा बागायतदार. लढाईत गुळाला सोन्याचा भाव आला, तसं त्यानं गावात दुमजली घर बांधलं आणि घर झाल्यावर त्याच्या ध्यानात आलं की भिंती उघड्या आहेत. आला होता कपाट बघायला. ह्यांनी चित्राकडे पाहिलं, मग त्याच्या नाकाकडे पाहिलं, मग पुन्हा चित्राकडे.

"तुमच्या आजोबांची काही तसबीर आहे का घरी?" ह्यांनी विचारलं.

"कुठली वं? प्लेगात गेलं ते. तवा कोन काडतंय फोटू."

"नाक बघा," हे म्हणाले. एवढंच.

हंबीररावानं नाक बघितलं. बराच वेळ बघितलं. जाताना कपाट राहिलं आणि आजा गाडीत चढला. सोबत गोष्टही गेली, की आजोबा सातारच्या गादीच्या चाकरीत होते, त्यांच्या नुसत्या खाकरण्यानं घोडी बुजायची.

घरी त्याची म्हातारी आई होती, मनुबाई. तिनं आपला सासरा डोळ्यांनी पाहिलेला होता. ती म्हणाली, "ह्यो कोन मेला?" हंबीररावानं तिला दम भरला, की आजपासून हाच तुझा सासरा, कुणी विचारलं तर व्हय म्हणायचं. बिचारी म्हातारी. ज्या सोप्यात दुपारची लवंडायची, तिथं आता सासरा टक लावून बघत होता. चारचौघांदेखत तिला पदर ओढून आतल्या खोलीत जावं लागे. "लई वर्सांनी सुटले व्हते," ती मला म्हणाली, "पोरानं पुन्ना उरावर आनून बसवला."

आज्यामागे हंबीररावाचा हेतू साधा होता. त्याचा आकाराम पलटणीतून हवालदार होऊन परत आला होता आणि त्याला खानदानी घरची मुलगी करायची होती. वाईकडच्या लालासाहेबांची मुलगी सांगून आली. लालासाहेबांचं घराणं जुनं, नाव मोठं, कोठारात उंदीर उपाशी. पण सुंभ जळला तरी पीळ जातो थोडाच? मुलगी आकारामनं पाहिली, त्याला ती इतकी आवडली की त्याचं जेवणातलं लक्ष उडालं. आता राहिलं होतं मुलीकडच्यांनी घर बघणं. त्यात काही खोट निघाली की सोयरीक संपली.

त्या दिवसापुरतं भिंतीवरचं घड्याळ, चार खुर्च्या आणि कपबशा आमच्याकडून भाड्यानं गेल्या. कपबशा दुसऱ्या दिवशी मिरजेच्या एका डॉक्टरकडे जायच्या होत्या, म्हणून त्यांच्या राखणीला मी गेले, आणि घड्याळ टांगायला हेही आले. मनुबाईशेजारी दाराआड बसले होते. मला सोपा सगळा दिसत होता.

लालासाहेब आले ते आपल्या आत्याला घेऊन. बनुबाई त्यांचं नाव. पडद्यातल्या घराच्या, पण वय झाल्यावर पडद्यालाही न जुमानणाऱ्या. तरुणपणीच विधवा होऊन माहेरी आल्या आणि ते घर त्यांनीच सांभाळलं. त्या उंबऱ्यातच थांबल्या. भिंतीकडे पाहिलं. पदर पुढे ओढून चित्रापाशी गेल्या आणि वाकून नमस्कार केला.

हंबीररावाला ब्रह्मानंद झाला. "आमचं आजोबा," तो म्हणाला. "सातारच्या गादीच्या चाकरीत व्हतं. खाकरलं की घोडी बुजायची."

"तुमचे आजोबा?" बनुबाई म्हणाल्या. "हे माझे वडील."

मी लालासाहेबांकडे पाहिलं. माणसाचा रंग उडतो म्हणजे काय, ते मला त्या दिवशी दिसलं.

"लाला, चित्राला ओल लागली म्हणून तू पुण्याला दुरुस्तीला धाडलं होतंस ना रे? मग हे इथं कसं?"

एकाला विकत घेतलं असं म्हणवेना, दुसऱ्याला विकलं असं म्हणवेना. दोघांनी ह्यांच्याकडे पाहिलं. हे मोठ्या तन्मयतेनं घड्याळाला किल्ली देत होते. घड्याळ बंद होतं ते किल्लीअभावी नव्हे, हे ह्यांच्याइतकं कुणाला ठाऊक?

तोवर बनुबाईंनी आपल्या मनाशी हिशेब जुळवला. त्या खाली बसल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "आबासाहेब दरसाल चार-चार महिने खाली कृष्णाकाठी वसुलीला असायचे. आमच्या आईला संशय होताच. म्हणजे इथंही एक घर होतं तर. त्या घरानंही चित्राची नक्कल करून घेतली असणार. आडनाव काय, गावावरून पडतं. पण मग आपण भाऊबंद झालो. देवक एक, रक्त एक. भावाबहिणीचं लग्न लावायचं का आता?"

दाराशी आकाराम उभा होता. ब्रह्मदेशात बाँब पडताना उभा राहिलेला माणूस, पण हे ऐकून त्यानं चौकट धरली. हंबीररावानं त्याच्याकडे पाहिलं. एक वाक्य बोलायचं होतं, की हा आजा आमचा नव्हे, बाजारातून आणलाय. एवढ्यानं पोराचं लग्न वाचत होतं. हंबीररावानं वर आज्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "आता नशिबातच न्हाई, त्याला कोन काय करनार?"

मला त्याचा असा संताप आला की हातातली बशी मी जवळजवळ आपटलीच. पोटच्या पोरापेक्षा पाठीमागच्या दारानं आलेला आजा त्याला प्यारा झाला होता.

पण लालासाहेब तोवर सावरले होते. मुलगी द्यायची नाही तर नाही, रिकाम्या हातानं कशाला जायचं, असा तो माणूस. खुर्ची पुढे ओढून त्यांनी हंबीररावाच्या खांद्यावर हात ठेवला.

"सोयरे व्हायला आलो आणि भाऊ सापडला," ते म्हणाले. "फार बरं झालं. आबासाहेब इथं राहत होते, म्हणजे ही नदीकाठची बागायत त्यांनीच केलेली असणार. घराण्याचीच म्हणा ना. आता एकदा बसून वाटणीचं बघू."

आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हा. हंबीरराव ताडकन उठला. पोरासाठी ज्याची जीभ उचलली नव्हती, तो उसासाठी घडाघडा बोलायला लागला.

"कसली वाटनी? त्यो माजा आजा न्हाई. इकत आनलाय त्याला. ह्या अण्णाकडनं, कपाटाच्या बदली. इचारा त्यास्नी."

सगळ्यांनी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी किल्ली खिशात टाकली. "माल कुठून आला, ते मी कधी विचारत नाही," हे म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा ह्यांच्याकडे गोष्ट नव्हती.

बनुबाईंना विचारायची गरज उरली नव्हती. त्यांनी लालासाहेबांकडे पाहिलं, आणि लालासाहेबांनी सतरंजीवरची नक्षी पाहिली.

"माझा बाप विकलास," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "आणि आज लेक घेऊन बाजाराला आलास. मला नुसतं घर बघायला चला म्हणालास."

तेवढ्यात माझ्या शेजारून मनुबाई उठली. डोईवरचा पदर तिनं खांद्यावर टाकला, बाहेर गेली आणि खुशाल सोप्याच्या मधोमध, चित्रासमोर पाय पसरून बसली. हंबीरराव तोंड उघडणार तोच ती म्हणाली, "आता गप रं."

बनुबाईंनी तिला विचारलं, "तुमचे खरे सासरे कसे होते?"

"माजं सासरं? मोट हाकायचं. एक डोळा गेल्याला. नाकाडबिकाड काय न्हवतं, बसकंच व्हतं. पर घरातलं भांडं कवा घराभाईर जाऊ दिलं न्हाई त्यानं, दुस्काळातसुदिक."

बनुबाई हसल्या. मग डोळे पुसले, मग पुन्हा हसल्या. "त्या माणसाच्या घरात पोरगी द्यायला माझी हरकत नाही," त्या म्हणाल्या. "फक्त आमचे आबासाहेब आमच्या गाडीत ठेवा. आणि लाला, तू पुढं गाडीवानाशेजारी बस. मी त्यांच्याबरोबर बसते."

सोयरीक ठरली. आकाराम त्या दिवशी दोन माणसांचं जेवला. मात्र निघताना हंबीररावानं ह्यांना गोठ्याआड ओढलं. "अण्णा, लग्नाला चार तालुक्यांतलं सोयरं येनार. आज्याचं समद्यास्नी सांगून बसलोय. भिंत उगडी कशी ठिवू? दुसरा बगा. पर ह्या बारीला असा बगा, की आमच्या सोयऱ्याधायऱ्यांत त्याला वळखनारं कुनी निगाया नगं."

"बघतो," हे म्हणाले आणि वाटेत साताऱ्यापर्यंत काही बोलले नाहीत. ह्यांचं गप्प बसणं मला कधीच मानवलं नाही.

दिवाळीला मी मिरजेला माहेरी गेले. परत आले तर मामंजींचा खिळा मोकळा. हे म्हणाले, भिंतीला ओल लागलीय, चित्र खराब होऊ नये म्हणून पुण्याला दुरुस्तीला धाडलंय. हे वाक्य आपण कुठंतरी ऐकलंय असं मला वाटलं खरं, पण दिवाळीचे डबे घासायचे होते आणि मी तो विषय तिथंच सोडला.

मार्गशीर्षात लग्न झालं. हंबीररावानं मांडव असा घातला की गावात सावली उरली नाही. मी बायकांबरोबर सोप्यात शिरले आणि माझा हात आपोआप पदराकडे गेला. का गेला ते मला कळेना. म्हणून वर पाहिलं.

डोक्यावर भगवा फेटा होता, त्याखाली पगडीचा उंचवटा अजून जाणवत होता. मिशा पाटी रंगवणाऱ्यानं काढल्या असाव्यात, दुकानाच्या नावासारख्या ठसठशीत होत्या. हातातल्या कागदाच्या सुरळीला तलवारीची मूठ फुटली होती. पण चेहऱ्यावरचा भाव कुणाला पुसता आला नव्हता. मी नुकतंच काहीतरी सांडलं होतं.

जन्मभर शाईखेरीज कशाला हात न लावलेला माणूस तिथं तलवार धरून उभा होता आणि खालून वऱ्हाडी त्याला मुजरे करत होते. सगळे ह्यांना ओळखणारे, पण मामंजींना ओळखणारं त्या मांडवात आम्ही दोघं सोडून एक माणूस नव्हतं. ह्यांनी गिऱ्हाइकाची अट तंतोतंत पाळली होती.

मनुबाई चित्राखाली ऐसपैस बसली होती, डोईवर पदर नाही. मला म्हणाली, "ह्यो बरा हाय. गरीब दिसतोय. ह्याला बगून पदर घ्यावा असं वाटत न्हाई बगा."

मला वाईट वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही. पण खरं सांगते, त्याहून जास्त मोकळं वाटलं, आणि मोकळं वाटलं याचा मला राग आला.

घरी आल्यावर मी आरामखुर्ची ओढली, मोकळ्या खिळ्याखाली ठेवली आणि तिच्यात बसले. हे दारात उभे. मला सगळं कळलंय हे ह्यांना कळलं होतं.

"ती खुर्ची उद्या कऱ्हाडला जायचीय," हे म्हणाले.

"जाऊ दे. तोवर बसते."

हे जाईनात. माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले. गिऱ्हाईक यायच्या आधी वस्तूकडे बघतात तसे. घरात विकाऊ नसलेली आता मी एकटीच उरले होते.

"उगीच बघू नका," मी म्हटलं. "वस्तूची गोष्ट सांगावी लागते. इतकी वर्षं झाली, माझी तुम्हाला एकही येत नाही."