शेततळ्याचा पलीकडचा काठ

मंगळवारी सकाळी सव्वानऊला माझ्या मेव्हण्याचा, चन्नवीरचा, करकंबहून फोन आला. "दाजी, निघा. अक्का उठंना झालीय." त्याच्या आवाजावरून मला कळलं. माझी बायको दाक्षायणी माहेरी गेली होती, ती तिथंच झोपेत गेली.

फोन आला तेव्हा माझ्यासमोर टेबलावर छोटा बॉयलर तापत होता. मी दिवा विझवला आणि दाबाचा काटा शून्यावर येईपर्यंत तिथंच उभा राहिलो. वाफ असलेला बॉयलर सोडून जायचं नाही, ही चौतीस वर्षांची सवय. टॉवेलच्या कारखान्यात मी बॉयलर अटेंडंट होतो. काटा खाली आला, मग निघालो.

तो बॉयलर बोटीचा होता. रिटायर झाल्यावर मी दोन फुटी पत्र्याची बोट केली. आत तांब्याचा बॉयलर, खाली स्पिरिटचा दिवा, पुढं अंगठ्याएवढं पितळी इंजिन. खऱ्या वाफेवर चालते. रिमोट नाही, सोडली की सरळ जाते. म्हणून दोन माणसं लागतात. एकानं सोडायची, दुसऱ्यानं पलीकडच्या काठावर अडवून, वळवून परत लावायची. आमच्या भवानी पेठेत एवढं मोकळं पाणी कुठलं? म्हणून आम्ही चन्नवीरच्या शेततळ्यावर जायचो. पलीकडं दाक्षायणी असायची. हातात लांब वेळू, टोकाला फडकं गुंडाळलेलं, बोटीला ओरखडा नको म्हणून.

पाण्याआधी स्पिरिट संपलं पाहिजे, नाहीतर कोरडा बॉयलर जळतो. मी अंदाजानं ओतायचो आणि एक जाळलाही. कारखान्यात कधी जाळला नाही, घरी जाळला. मग तिनं माप बसवून दिलं: पाणी एक पेला, स्पिरिट खोकल्याच्या औषधाची दोन झाकणं.

ती माहेरी निघाली त्या आठवड्यात बॉयलरचा एक सांधा गळत होता. ती म्हणाली, "तुम्ही हे पुरं करा. रविवारी बोट घेऊनच या." म्हणून ती एकटी गेली.

मातीच्या दिवशी चन्नवीरनं विचारलं, "तुमी संगं का आला न्हाई?"

मी म्हणालो, "बॉयलर गळत होता."

तो उठून गेला. तिनंच थांबायला सांगितलं होतं, हे माझ्यानं बोलवेना. गेलेल्या माणसावर ढकलल्यासारखं झालं असतं. पुढं आठ महिने त्याचा फोन नाही. आम्हाला मूलबाळ नाही. तिच्या माहेराशिवाय मला माणसं नव्हती, आणि तेही घर आता तुटलं असं मी धरून चाललो.

मार्चमध्ये त्याचा फोन आला. "दाजी, बोट चालती का?"

"चालते."

"मग रविवारी घेऊन या."

"कशाला?"

"कशाला म्हंजे? मासे वाट बघायलेत."

दोन एसट्या बदलून, बोट मांडीवर घेऊन मी गेलो. चन्नवीरच्या बायकोनं, गौरम्मानं, पाणी देता देताच सांगितलं, "आदल्या सांजेला जेवताना अक्का म्हणाल्या होत्या, मीच त्यांना थांबवलंय, रविवारी बोट घेऊन येतील. मला वाटलं ह्यांना ठाऊक हाय. परवा बोलता बोलता निघालं, तवा ह्यांचं तोंड बघायचं होतं."

"माझं तोंड काय बघतीस? दाजींना जीभ न्हाई का? आठ महिने मला येड्यात काढलं."

"तू पुन्हा विचारलं नाहीस," मी म्हणालो.

"तुमी सांगितलं न्हाई."

"दोघं बी सारखेच," गौरम्मा म्हणाली. "जेवा आता, भाकरी गार व्हायलीय."

जेवून तळ्यावर गेलो. चन्नवीरनं वेळू घेतला. "कुटं उभारू?"

"समोर, दोर बांधलाय तिथं. आली की अडव, वळव, हलकेच लाव."

"म्हशी वळवतो मी. ही केवढीशी."

बोट सरळ गेली. त्यानं वेळू बाजूला टाकला, हातानं धरायला वाकला आणि तळ्यात अंथरलेल्या प्लास्टिकवरून घसरून कमरेएवढ्या पाण्यात बसला. एका हातात दोर, दुसऱ्या हातात बोट, मागचा पंखा हवेत फिरतोय.

"दाजी, हिला बंद कसं करायचं?"

"दिव्यावर फुंक मार."

"मला आधी वर काढा, मग फुंकतो."

गौरम्मा हसत काठावर बसली. आठ महिन्यांनी मीही हसलो. त्या दिवसाबद्दल मी या दोघांचा आभारी आहे.

दुसऱ्यांदा त्यानं नीट केलं. बोट चार वेळा गेली, चार वेळा आली. स्पिरिट संपलं तेव्हा बॉयलरची पातळी दाखवणाऱ्या काचेच्या नळीत पाणी शिल्लक होतं. तिचं माप बरोबर होतं.

"आता मी सोडू का?" चन्नवीर म्हणाला.

पाणी-स्पिरिट पुन्हा मापानं भरून मी त्याला दाखवलं. तेल घालायचं, चाक बोटानं फिरवायचं, सिलिंडरमधलं पाणी बाहेर पडलं की वाफेचा कॉक सावकाश उघडायचा. मग मी पलीकडं जाऊन उभा राहिलो. त्या काठावरून बोट येताना मी पहिल्यांदाच पाहिली. बारीक टकटक करत ती सरळ माझ्याकडं येत होती. दाक्षायणीनं सहा वर्षं हे पाहिलं, याचं मला बरं वाटलं.

तो कॉक मात्र मी तिला कधी उघडू दिला नाही. एकदा तिनं मागितला होता. मी म्हणालो, "तुझ्याकडं बॉयलरचं सर्टिफिकेट नाही." ती हसली आणि पलीकडं चालत गेली.

ते राहिलं.