डावीकडचे स्पीकर

मोजणीदार निवृत्त झाले तेव्हा भूमापन खात्याने त्यांच्याकडून यंत्रं, नकाशे आणि कपाटाची किल्ली परत घेतली. मोजायची सवय परत घ्यायचं मात्र कुणाच्या लक्षात आलं नाही. ती घरी आली. पहिल्या महिन्यात त्यांनी जिन्याच्या पायऱ्या मोजल्या आणि एक पायरी इतरांपेक्षा दीड सेंटिमीटरने उंच असल्याचं सगळ्या इमारतीला कळवलं. दुसऱ्या महिन्यात त्यांनी कॉम्प्युटरला सराउंड साउंड बसवायचं ठरवलं.

कॉम्प्युटरवर ते जुने रहस्यपट बघत. त्याचे दोन चिमुकले स्पीकर डब्यात बसून बोलल्यासारखे बोलत. दुकानदाराने सांगितलं की पाच स्पीकर आणि एक जाडजूड खोका लावला की पावलं मागून येतात, गोळी बाजूने जाते आणि दार उघडलं तर आपल्याच घरातलं उघडल्यासारखं वाटतं. फक्त त्यासाठी वेगळं साउंड कार्ड लागेल.

"आपल्या घरातलं दार वाजतं ते पुरत नाही का?" बायकोने विचारलं.

तिची सगळी नोकरी टेलिफोन खात्यात झाली होती. तीस वर्षं तिने कानाला यंत्र लावून लोकांच्या लाइनी जोडल्या होत्या. नुसत्या श्वासावरून समोरचा माणूस खोटं बोलतोय की नुसता पडशाने बेजार आहे, हे तिला कळे.

मोजणीदारांनी तिला खोलीच्या मध्यभागी खुर्चीत बसवलं, खुर्चीच्या पाठीला दोरा बांधला आणि कंपासपेटीतला कोनमापक काढला. पुढचे दोन स्पीकर तीस अंशांवर, मागचे दोन एकशेदहा अंशांवर, पाचवा नाकासमोर, सगळे डोक्यापासून सारख्या अंतरावर. फरशीवर खडूच्या खुणा झाल्या. मागचा उजवा स्पीकर फ्रीजवर गेला. मागच्या डाव्याची जागा नेमकी खिडकीत, मनीप्लांटच्या कुंडीवर येत होती. कुंडी न्हाणीघरात गेली.

"मला उठू द्या आता," बायको म्हणाली.

"डोकं हलवू नकोस. दोन सेंटिमीटर फरक पडतो."

कॉम्प्युटरचा पत्रा त्यांनी स्वतः उघडला. आत वर्षानुवर्षांची धूळ होती, ती रंगाच्या ब्रशने झाडली. कार्ड खाचेत बसताना कट्ट असा आवाज झाला आणि त्यांचा जीव वरखाली झाला, पण मोडलं काही नव्हतं. हिरवी पिन हिरव्या भोकात, काळी काळ्यात, नारिंगी नारिंगीत. कार्डाचं सॉफ्टवेअर दोनदा बसता बसता अडलं, तिसऱ्यांदा बसलं. पडद्यावर खोलीचं चित्र आलं, त्यात पाच स्पीकर. ज्याच्यावर टिचकी मारावी तो वाजून दाखवत होता.

मोजणीदार त्या मधल्या खुर्चीत बसले. पुढचा उजवा खणखणीत वाजला. मधला उत्तम. डावा वाजला, पण शेजारच्या गल्लीतून वाजल्यासारखा. मागचा डावा तर पाहुण्यांसमोर आलेल्या लाजऱ्या पोरासारखा अंग चोरून वाजला.

"डावीकडचे दोन्ही मार खातायत," ते म्हणाले.

"मला तर सगळे सारखेच ऐकू येतात," बायको म्हणाली.

"तुझा कान टेलिफोनचा. एका कानाचं काम. हे पाच बाजूंचं आहे."

तिने विणकाम हातात घेतलं. अशा वेळी न बोलणं तिने अलीकडे अंगवळणी पाडून घेतलं होतं.

त्यांनी पद्धतशीर काम केलं. डावे स्पीकर उजवीकडे आणि उजवे डावीकडे लावले. तरी डावीकडचेच कमी वाजले. म्हणजे स्पीकर निर्दोष. मग वायरी बदलल्या. वायरीही निर्दोष. मग कार्ड काढून दुकानात गेले आणि दुकानदाराशी पाऊण तास बोलून दुसरं कार्ड घेऊन आले. तेही डावीकडे कच्चं निघालं. म्हणजे खोलीचा दोष. खिडकी आवाज बाहेर सोडत असणार. त्यांनी खिडकीवर गादी उभी केली आणि उजव्या भिंतीवर रजई टांगली, म्हणजे तिकडचा आवाज जरा दबेल. घरात दिवसा दिवा लावायची वेळ आली. शेवटी त्यांनी पडद्यावरच्या आवाजाच्या पट्ट्या सरकवल्या, उजव्या खाली आणि डाव्या पार टोकापर्यंत वर, आणि समाधानाने म्हणाले, "आता जमलं."

बायकोची खुर्ची त्यांच्या डावीकडे होती. सिनेमा सुरू झाला आणि पहिल्याच दाराच्या करकरण्याने तिच्या हातातलं विणकाम खाली पडलं. तिने कानात कापूस घातला. दुसऱ्या दिवशी ती स्वयंपाकघरात बसून विणू लागली.

चौथ्या दिवशी संध्याकाळी बेल वाजली. डावीकडच्या बिऱ्हाडात दातांचे डॉक्टर राहत. अतिशय सौम्य माणूस, दात उपटतानाही माफी मागणारा.

"त्रास द्यायला आलो नाही," ते म्हणाले. "फक्त विचारायचं होतं, तो सिनेमा आज संपेल ना? माळ्यानेच खून केलाय, हे आमच्याकडे सगळ्यांना कळलंय. सासूबाई मात्र तो पकडला जाईपर्यंत जेवायला बसत नाहीत."

मोजणीदारांचा सिनेमा अजून अर्ध्यावर होता. माळ्याचा त्यांना संशयसुद्धा आला नव्हता.

डॉक्टर गेल्यावर मोजणीदारांनी सिनेमा बंद केला. मग त्यांनी दुकानात फोन करून दुरुस्तीसाठी माणूस मागवला.

आल्या त्या चाळिशीच्या एक बाई, खांद्याला हत्यारांची पिशवी आणि तोंडात लवंग. त्यांनी गादी बघितली, रजई बघितली, खडूच्या खुणा बघितल्या आणि म्हणाल्या, "काका, इतकं नेमकं काम मी कुठल्याच घरात बघितलेलं नाही." मोजणीदार खूश झाले. बाईंनी पट्ट्या मूळ जागी आणल्या आणि आवाज मोजायचं छोटं यंत्र खुर्चीच्या पाठीवर ठेवलं. पाचही स्पीकर एकेक करून वाजवले. आकडे सगळे सारखे.

"यंत्र चुकत असेल," मोजणीदार म्हणाले.

"असेल," बाई म्हणाल्या. "असं करा, खुर्ची फिरवा. पडद्याकडे पाठ करून बसा."

ते बसले. बाईंनी खिडकीतला स्पीकर वाजवला. तो खणखणीत वाजला.

"बघा, आता कसा वाजला."

मग बाईंनी फ्रीजवरचा वाजवला. तो दूर गल्लीत वाजला.

"आता हा बिघडला," मोजणीदार म्हणाले. वाक्य पुरं झालं आणि ते स्वतःच थांबले. त्यांनी फ्रीजकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं. आयुष्यभर चुकीच्या नकाशांत त्यांनी एकच गोष्ट शोधली होती: मोजणारा कुठे उभा होता.

बाईंनी पिशवी आवरली. "वायरी, कार्ड, स्पीकर सगळं ठीक आहे, काका. पुढची तपासणी आमच्या दुकानात होत नाही." येण्याचा आकारही त्यांनी लावला नाही.

बायको दारात चहाचा कप घेऊन उभी होती. तिने सगळं बघितलं होतं. ती आली, त्यांच्या डावीकडे उभी राहिली आणि हळू आवाजात म्हणाली, "चहा घ्या."

ते समोर बघत राहिले.

ती वळसा घालून उजवीकडे गेली. "अहो, चहा."

"आण," ते म्हणाले.

ती खाली फरशीवरच बसली, खडूच्या खुणेवर. "जेवायला मी तुमच्या डावीकडेच बसते," ती म्हणाली. "गेली दोन वर्षं मला वाटत होतं, तुम्हाला माझं ऐकायचंच नाहीये. म्हणून मीही बोलणं कमी केलं. सगळा जन्म दुसऱ्यांच्या लाइनी तपासण्यात गेला, आणि आपल्या घरातली बंद पडलेली मला कळली नाही."

"मला तरी कुठे कळली," मोजणीदार म्हणाले. "मला वाटायचं, तू हल्ली शांत झालीस. वयाने." चहा निवत होता. "काय काय सांगितलं होतंस?"

"पुष्कळ. बहिणीशी माझं वाजलं ते. मला पोहायला शिकायचंय ते. शाळेला तुमची लाकडी तिपाई हवी होती, देऊ का विचारलं, ते."

"मोजणीची तिपाई? माझ्या पैशाने घेतलेली?"

"तुम्ही नाही म्हणाला नाहीत."

"मी वर्षभर शोधतोय ती."

"ते मी बघत होते. मला वाटलं, वरचेवर शोधून मला टोमणे मारताय."

मोजणीदार हसायला लागले, मग तीही हसली, आणि हसता हसता तिने डोळे पुसले.

कानाच्या डॉक्टरांनी आलेख काढून दिला. उजव्या कानाची रेघ सपाट, डाव्याची कड्यावरून उतरल्यासारखी. मोजणीदारांना आलेख फार आवडला; त्यांनी तो घडी न घालता घरी आणला. कानामागे लावायचं छोटं यंत्र मिळालं. पहिले दोन दिवस त्यांनी फ्रीज, नळ आणि स्वतःचं चावणं यांच्याविरुद्ध तक्रारी केल्या. तिसऱ्या दिवशी गादी पलंगावर गेली, रजई कपाटात गेली आणि सिनेमा पहिल्यापासून लावला.

आवाज खरोखर चारी बाजूंनी आला. मागे पावलं वाजली तेव्हा मोजणीदार सावरून बसले. बायको पुन्हा डावीकडच्या खुर्चीत विणत बसली होती, आणि पहिली पाच मिनिटं तिने दम धरला. मग तिने सुरुवात केली. बहिणीपासून. भांडण नेमकं कशावरून झालं, कोण आधी काय म्हणालं, मग भाऊजी मध्ये कसे पडले.

पडद्यावर कुणीतरी किंचाळलं. मोजणीदारांनी माउस हातात घेतला आणि पडद्यावरच्या पट्ट्या खाली ओढल्या, सगळ्या, एकसारख्या.

"भाऊजींना काय कळतं त्यातलं," ते म्हणाले. "मग?"